बुंदीचे मामा

मामा आयुष्यभर चार पदार्थांवर जगले. वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या, तूप-गूळ-पोळी आणि केळं. चहा मी यात धरलेला नाही, कारण तो मामाही धरत नसत. मी हिशेबाचा माणूस आहे, अंदाजे बोलायची मला सवय नाही. तरी त्यांचा पाचवा पदार्थ आठवायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला आणि तो मला मिळाला नाही. एकदा त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती असं माझी बायको सांगते, पण तेव्हा ते तापात होते. ते मी मोजत नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, थोरले भाऊ. आमची मुलगी मुक्ता त्यांना मामा म्हणायची, म्हणून मी म्हणू लागलो, मग सगळी बिल्डिंग म्हणू लागली, आणि शेवटी भिवंडीतल्या आमच्या कामतघरच्या रिक्षावाल्यांनाही त्यांचं खरं नाव ठाऊक असायचं कारण उरलं नाही. लग्न त्यांनी केलं नाही. धामणकर नाक्याजवळ एका कापडाच्या पेढीत ते ताके तपासायला होते. खालून उजेड असलेल्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि मामा त्यातला तुटलेला धागा, तेलाचा डाग हेरून खडूनं खूण करायचे. निवृत्त झाल्यावर ते आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायला आले. जेवायला दोन्ही वेळ वर आमच्याकडे. आता त्यांना जाऊन दीड वर्ष होईल.

लग्नाकार्यात मामांची पंचाईत व्हायची. पंगतीत बसले की आजूबाजूचे चार जण आपलं जेवण सोडून मामांच्या पानाकडे बघत. "अहो, एक जिलबी तरी घ्या." "मठ्ठा तरी?" मामा पानावर हात आडवा धरून म्हणत, "पोटाला ओळख लागते हो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कुणी म्हणे, मग ओळख करून घ्या. मामा म्हणत, "तुम्ही सगळे बघताय ना, तेवढं पुरे." लोक हसत, आणि मामा भातावर तूप मागून घेत.

आमच्या बिल्डिंगच्या मागेच कासमभाईंचा लूमचा कारखाना आहे. कासमभाईंचं घराणं कोकणी मुसलमान, तीन पिढ्यांपासून भिवंडीतच. संध्याकाळी ते आणि मामा कारखान्याच्या ओट्यावर चहा घेत, आणि त्यांचा विषय बहुतेक वेळा मामांचं पोटच असायचा.

"मामा, भिवंडीत जन्म काढला आनि बिर्यानी नाय खाल्ली. वर गेल्यावर विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन, कासमभाईनं रोज आग्रह केला."

"म्हंजे मी जन्नतमध्ये आनि तू बाहेर?"

"बाहेर चहा मिळतो का ते बघून ठेवा."

अशा माणसाच्या हातून आमच्याकडे दोघींनी खायला शिकून घेतलं. पहिली मुक्ता. सहाव्या महिन्यात उष्टावण केलं तेव्हा रीतीप्रमाणे पहिला घास मामानं भरवायचा होता. मामांनी चांदीच्या वाटीतली खीर बोटाच्या टोकावर घेऊन तिच्या ओठांना लावली. मुक्तानं ती गिळली, आणि तेवढ्यानं हुरूप येऊन माझी आई वरण, केळं, भिजवलेलं बिस्किट असं सगळंच घेऊन पुढे सरसावली. मामांनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आज एकच. उद्या दुसरं. घरात एकदम चार पाहुणे शिरले तर पोर कुणाकडे बघेल?" आई दुखावली. मामा घरी गेल्यावर ती म्हणाली, "जो स्वतः काही खात नाही, तो माझ्या नातीला खायला शिकवणार!" पण बिस्किट तिनं दुसऱ्या दिवशीच दिलं.

दुसरी बुंदी. बुंदी ही पाल होती.

ती पाल आहे हे मी सरळच लिहितो, कारण कॉलेज संपल्यावर हे पिल्लू घरी आणणारी मुक्ता आम्हाला बरेच दिवस "लेपर्ड गेको म्हणजे पाल नव्हे" असं पटवत होती आणि ते कुणाला पटलं नाही. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, शेपूट जाड, डोळ्यांना पापण्या. ठिपक्यांमुळे नाव बुंदी. भिंतीवर चढत नाही, हा तिच्या बाजूचा मोठा मुद्दा. आपल्या रानातली तशी पाल पाळणं हा गुन्हा आहे. ही मात्र परदेशी जातीची आणि इथंच माणसाच्या घरात जन्मलेली. खरेदीची पावती आणि सरकारी नोंदणी या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय मी तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. सुनंदाचं म्हणणं वेगळं होतं. "चुकचुकली तर?" तिनं विचारलं. मुक्ता म्हणाली, "ती चुकचुकत नाही गं आई." "मग आम्हाला कळणार कसं ती कुठे आहे ते?"

बुंदी आली त्याच हिवाळ्यात मुक्ताला बंगळूरला नोकरी लागली. तिथं आधी ती चार मुलींबरोबर एका खोलीत राहणार होती, तिथं पाल चालणार नव्हती. सुनंदा वर ठेवून घ्यायला तयार नव्हती. मग काचेची पेटी, तिच्याखाली ठेवायची गरम चटई, लपायला मातीचं फुटकं मडकं, हे सगळं खाली मामांच्या खोलीत गेलं. मामांनी विरोध केला नाही आणि उत्साहही दाखवला नाही. "काय खाते?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मीलवर्म," मुक्ता म्हणाली. कोंड्यात वाढणाऱ्या पिवळ्या अळ्या, डब्यात मिळतात.

"आणखी?"

"आणखी काही खात नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे."

मामांनी पेटीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

प्रॉब्लेम काय तो ठाण्याच्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सविस्तर सांगितला. वाढत्या वयाच्या गेकोला नुसत्या मीलवर्मवर ठेवता येत नाही. त्या अळ्यांचं कवच कडक, चरबी जास्त, आणि एकाच खाण्याची सवय पक्की झाली की पुढे ती मोडत नाही. बुंदीची शेपूट जाड हवी होती, कारण गेको आपली पुंजी शेपटीत साठवतो. तिची बारीक होत चालली होती. वजन अठरा ग्रॅमवर अडलं होतं. "रातकिडे, डुबिया झुरळं, रेशमाच्या अळ्या, यांतले दोनतीन तरी प्रकार ती खायला लागली पाहिजे," बाई म्हणाल्या. "नाहीतर हे पोर तग धरणार नाही." मुक्ताला फोनवर त्यांनी पुढचंही सांगितलं. एवढ्या अशक्त जनावराला बंगळूरपर्यंतचा प्रवास झेपणार नाही. तीन प्रकारचे किडे खाऊ लागली, वजन चाळीसच्या वर गेलं, की खुशाल घेऊन जा.

हिशेब मी तिथंच मांडला आणि मामांनीही मांडला असणार. ती खायला शिकली नाही तर मरेल, आणि शिकली तर जाईल. कासमभाईंनी तो संध्याकाळी ओट्यावर बोलून दाखवला. "म्हंजे मामा, तू जितका चांगला मास्तर, तितकी लवकर पोरगी सासरी."

"मग काय, शिकवू नको?" मामा म्हणाले.

त्या सुमाराला मामांना खोलीत एकट्यानं बोलायची सवय लागली होती. मी जेवायला हाक मारायला खाली गेलो की आतून आवाज यायचा. "लाईट जाणार आज. घाबरू नको, इन्व्हर्टर आहे." बहुतेक बातम्या असायच्या, पाणी येणार नसल्याची, कासमभाईंच्या कारखान्यात एक शिफ्ट बंद झाल्याची. मी दार ढकललं की मामा वर्तमानपत्र उचलून घ्यायचे. नोकरीत असताना हा माणूस दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा.

पहिला प्रयोग रातकिड्यांचा. मुक्तानं ऑनलाइन मागवलेला डबा आला आणि सुनंदानं तो हातात घेतल्यावर आतून आवाज झाला म्हणून जिन्यातच सोडून दिला. मामांनी तो उचलला. मुक्ताच्या सूचना फोनवर होत्या, त्या मामांनी मला वाचून दाखवायला लावल्या. किडा बुंदीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. आदल्या दिवशी किड्यांना गाजर, भाजी खाऊ घालायची, म्हणजे ते सत्त्व बुंदीच्या पोटात जातं. वरून कॅल्शियमची पूड भुरभुरायची. न खाल्लेला रातकिडा रात्रभर पेटीत ठेवायचा नाही, तो झोपलेल्या गेकोला चावतो.

"किडा हिला चावतो?" मामांनी विचारलं.

"असं लिहिलंय."

"मग ही घाबरते यात नवल काय."

बुंदी घाबरतच होती. रातकिड्यानं उडी मारली की ती मडक्यात शिरायची. मामांनी रातकिडे थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायचा उपाय ऐकला. फ्रिज आमचा, वरचा. सुनंदानं साफ सांगितलं, "दादा, माझ्या फ्रिजमध्ये दही आहे." तो उपाय तिथंच संपला. आठवडाभरात डब्यातले निम्मे रातकिडे मेले आणि उरलेले रात्रभर गात राहिले. मामा तक्रार करत नसत, पण सकाळी चहाला येताना डोळे लाल असायचे.

मग चूक झाली. अशी चूक आमच्या गावातच होऊ शकते.

मामांच्या मनानं घेतलं की डब्यातले रातकिडे प्रवासानं मरगळलेले असतात, ताजे मिळाले तर बुंदी खाईल. ताजे रातकिडे कासमभाईंच्या कारखान्यात हवे तेवढे होते. लूमच्या खाली उबेला, भिंतीच्या कडेला, सुताच्या बाचक्यांमागे. कासमभाईंनी कामगारांना सांगून एका बाटलीत भरून दिले. मामांनी त्यांतला सगळ्यात लहान निवडला आणि चिमट्यानं पुढे धरला, आणि बुंदीनं तो खरंच खाल्ला. मामा वर आले ते जिना चढून आल्यासारखे वाटलेच नाहीत. "खाल्ला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन खाल्ले. ओट्यावर कासमभाईंनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला, आणि आपले किडे "लोकल माल, एक नंबर" असल्याचं ज्याला त्याला सांगितलं.

चौथ्या दिवसापासून बुंदीनं खाणं बंद केलं आणि पोट फुगलं. विष्ठा होईना. आम्ही तिला टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यातून ठाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किडे कुठले? मामांनी सांगितलं. बाईंना आधी काही कळेना, मग त्यांनी विचारलं, "लूमच्या शेडमधले? तिथं तंतू उडत असतात ना?" तंतू तर तिथं सगळीकडे उडत असतात. कामगारांच्या पापण्यांवर बसतात, चहावर तरंगतात. कारखान्यातल्या प्रत्येक रातकिड्याच्या पायांत सुताची काळपट मऊ लव गुंतलेली होती, तेलानं चिकटलेली. बुंदीनं किड्याबरोबर ती गिळली होती आणि तिच्या आतड्यात तिचा बोळा झाला होता.

चाळीस वर्षं ज्यांनी कापडातला एक एक धागा पकडला, त्या मामांच्या हातून हा धागा सुटला होता. परत येताना रिक्षात डबा मांडीवर धरून ते म्हणाले, "भाऊजी, मला नवीन देता येत नाही. मला येत नाही ते काम." मी म्हटलं, बघू.

पुढचे दिवस मामांनी तिला रोज कोमट पाण्याच्या ताटलीत उभं केलं, पाणी पोटापर्यंतच, आणि बोटाच्या टोकानं पोट हलकेच चोळलं. मनगटावर पाणी टाकून बघत, तान्ह्या मुलासाठी बघतात तसं. कासमभाई रोज येऊन दारातून विचारायचे, "झालं का?" हा प्रश्न इतका जिव्हाळ्यानं विचारला गेलेला मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. एका सकाळी झालं. मामांनी त्या विष्ठेतला बोळा काडीनं सोडवून पाहिला आणि कासमभाईंना नेऊन दाखवला. कासमभाईंनी तो उजेडाकडे धरला. "पॉलिएस्टर," ते म्हणाले. "माझाच माल."

मामा खूप दिवसांनी हसले.

पण रातकिडा बुंदीनं पुन्हा कधी तोंडाला लावला नाही. पुन्हा मीलवर्म, तेही मोजून. आणि उन्हाळा सुरू झाला.

दुसरा प्रयोग डुबियाचा. डुबिया हे परदेशी झुरळ. उडत नाही, ओरडत नाही, गुळगुळीत भिंतीवर चढत नाही. हे सगळं मी सुनंदाला समजावलं. ती म्हणाली, "जन्मभर मी झुरळं मारली. आता माझा भाऊ ती पाळणार आणि त्यांना गाजर खाऊ घालणार." मामांना स्वतःलाही झुरळाची किळस होती. पहिले काही दिवस ते डबा कागदात गुंडाळूनच उघडत. मी हे पाहिलं आहे, की झुरळांना गाजर किसून टाकताना मामा तोंड फिरवत, पण किस बारीक आणि सारखा असे.

या वेळी त्यांनी कुणाच्या सूचना वाचून घेतल्या नाहीत. एक दिवस बुंदीला काहीच दिलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी, अंगाला ऊब लागून ती मडक्याबाहेर आल्यावर, आधी एक नखाएवढं झुरळ. ते घेतलं नाही की काढून घ्यायचं, आणि थोड्या वेळानं ओळखीची अळी द्यायची. रागवायचं नाही, दुसऱ्यांदा पुढे करायचं नाही. उद्या पुन्हा आधी झुरळ. "अळी बंद करा, उपाशी राहिली की झक मारत खाईल," असं मी सुचवलं होतं. मामा म्हणाले, "भाऊजी, उपाशी माणूस काहीही खातो. पण त्याला ते आवडत नाही." त्यांनी दार लावून घेतलं. खाऊ घालताना ते दार लावूनच घेत. मला वाटायचं, बाहेरचा वारा लागू नये म्हणून.

एका संध्याकाळी दार उघडलं आणि मामा म्हणाले, "घेतलं."

"झुरळ?"

"हं. हळू बोला."

रविवारी वजन करायचं काम माझ्याकडे होतं. सुनंदाचा केकचा डिजिटल काटा मी खाली नेला, तो पुन्हा वर आला नाही. बुंदी बावीस ग्रॅम, मग सव्वीस. आकडा पुढे सरकताना बघायला मला बरं वाटतं, तो कशाचाही असो. कात टाकायचे दिवस आले की ती खात नसे आणि काटा थांबे, तेव्हा मामा माझी समजूत काढत. श्रावण लागला तेव्हा सुनंदानं विचारलं, "दादा, आता महिनाभर तरी हे किडे मारणं बंद ठेवणार का?" आमच्याकडे श्रावणात मासळी शिजत नाही, आणि मामा तर जन्माचे शाकाहारी. मामांनी पोळीवर गूळ कुस्करत उत्तर दिलं, "श्रावण आपला आहे नंदू, तिचा नाही."

तिसरा प्रकार रेशमाच्या अळ्या. त्या मुक्तानंच तिकडून पाठवल्या, तुतीच्या पाल्यासकट. पांढऱ्या, मऊ, थंड. कासमभाई आणि मामा दोघेही डब्यावर वाकून बराच वेळ पाहत होते. "आयुष्य कापडात गेलं," मामा म्हणाले, "सूत काढणारा आज बघतोय." कासमभाई म्हणाले, "बघून घे. ना लाईट लागते हिला, ना युनियन." बुंदीनं रेशमाची अळी दुसऱ्याच दिवशी घेतली. आता तिला नव्याची भीती राहिली नव्हती. शेपूट गाजरासारखी भरली होती.

इथून पुढे मामांचं सांगणं आणि माझा काटा यांचा मेळ बसेना. मुक्ताचा फोन आला की मामा सांगत, "झुरळ घेतेय, पण रेशमाचं तेवढं जमत नाही. बघू अजून." मुक्तानं आता स्वतःची स्वतंत्र खोली घेतली होती, ती दर आठवड्याला विचारत होती. आणि रविवारी काटा दाखवी अडतीस, एकोणचाळीस. नुसत्या झुरळांवर एवढी भर पडत नाही. तिसऱ्या रविवारी काट्यावर बेचाळीस आले. मी मामांकडे पाहिलं. ते काट्याकडे पाहत होते.

"मामा, काटा खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"काट्याला काय," मामा म्हणाले, "त्याची खोली रिकामी होत नाही."

मी काटा बंद करून बाजूला ठेवला. संध्याकाळी मामा वर जेवायला आले, हात धुतले, आणि पान वाढायच्या आधी सुनंदाला म्हणाले, "मुक्ताला फोन लाव. म्हणावं, पोरगी तयार आहे. थंडी पडायच्या आधी ये."

मुक्ता दसऱ्याच्या सुमारास एका मैत्रिणीबरोबर गाडीनं आली. मामांनी पेटी स्वतः पुसली. गरम चटई कशी लावायची, मडक्याचं तोंड कुठल्या बाजूला, झुरळ आधी की अळी आधी, सगळं सांगितलं. निघताना कासमभाईंनी काचेवर टिचकी मारायला बोट नेलं आणि मामांनी ते वरच्या वर धरलं. "घाबरेल," ते म्हणाले. कासमभाई मुक्ताला म्हणाले, "बेटी, मामाला पण ने. यालाही चारच चीजा लागतात, भारी नाय पडनार." मुक्ता मामांच्या पाया पडली. गाडी वळेपर्यंत मामा उभे होते, मग कासमभाईंबरोबर ओट्यावर गेले. त्या दिवशी ते दोघं कशावर बोलले ते मला माहीत नाही.

चार दिवसांनी मुक्ताचा फोन आला. बुंदी खात नव्हती. झुरळ नाही, रेशमाची अळी नाही, मीलवर्मसुद्धा नाही. प्रवास झाला आहे, जागा नवी आहे, थोडे दिवस जातील असं आम्ही तिला सांगितलं. आणखी काही दिवस गेले. मुक्ता रडकुंडीला आली. "तासन्‌तास समोर बसते मी, चिमटा धरून. ती बघते माझ्याकडे आणि आत जाते." शेपूट पुन्हा उतरू लागल्यासारखी दिसते, असं तिनं सांगितलं.

आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. सुनंदा म्हणाली, आणि हे ती म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं, "मग परत आणून सोड ना इथे. दादांकडे खात होती व्यवस्थित. त्यांच्या हाताची सवय झालीय तिला."

"तसंच करावं लागेल वाटतं," मुक्ता म्हणाली. "मामा, चालेल तुम्हाला? शनिवारी निघते."

मामांचा हात भातात होता. मला वाटलं ते हो म्हणणार, आणि ते हो म्हणाले असते तर आमच्यापैकी कुणालाच त्यात काही गैर दिसलं नसतं. मीही मनातल्या मनात काटा पुसून तयार ठेवला होता.

"आत्ता कुठे आहे ती?" मामांनी विचारलं.

"बाहेर आलीय. समोरच आहे."

"चिमट्यात काय आहे?"

"झुरळ. लहान."

"तसंच धर. आणि तिच्याकडे पाठ कर."

"काय?"

"पाठ कर. हात तेवढा मागे राहू दे. भिंतीकडे बघ, खिडकीतून बाहेर बघ, मनात काही दुसरं आण. खाल्लं की नाही हे सुद्धा बघायचं नाही. मी तसंच द्यायचो." मामांनी वरण भातावर ओढलं. "कुणी तोंडाकडे बघत बसलं की घास घेववत नाही गं."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मामांच्या पानाकडे पाहत होतो, ते माझ्या लक्षात आलं, आणि मी आमटीची वाटी पुढे ओढली. फोनमधून तिकडच्या रस्त्यावरचा एखादा हॉर्न ऐकू येई, बस. मामा हळूहळू भात कालवत होते.

मग मुक्ता अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "मामा, चिमटा ओढला तिनं. घेतलं! मामा, घेतलं तिनं, ती—"

"बरं," मामा म्हणाले. "आता बोलू नको. जेवतेय ती."

आणि डाव्या हातानं त्यांनी फोन बंद केला.